फरशीचे सांधे : झीज, तपासणी आणि नवी भरणी

दोन टाइल्समधील फटीत भरल्या जाणाऱ्या मिश्रणास ग्राउट म्हणतात. गवंडी त्याला ‘जॉइंट भरणे’ एवढेच म्हणतात आणि पुष्कळदा पांढऱ्या सिमेंटवर भागवतात. फरशीच्या एकूण खर्चात या कामाचा वाटा अगदी थोडा असतो. परंतु फरशीचा सर्वांत आधी झिजणारा भाग हाच. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यासारख्या दमट प्रदेशात स्नानगृहातील सांधे लवकर काळवंडतात, भुसभुशीत होतात आणि अखेरीस गळून पडतात. हे काम घरच्या घरी करता येण्याजोगे आहे. मात्र जुना माल पुरेशा खोलीपर्यंत काढल्याखेरीज नवा माल टिकत नाही. जुन्यावरच पातळ लेप फिरवला, तर तो काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो.

झीज कशामुळे होते

सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते. त्यात साबण, तेल व मळ मुरतो आणि ओल टिकली की बुरशी धरते. भरणीच्या वेळी पाणी जास्त पडले असेल, तर ते सुकताना आकसते, त्याला बारीक भेगा जातात आणि पुढे त्याची भुकटी होते. घरोघरी होणारी मोठी चूक म्हणजे आम्लयुक्त क्लीनरचा वापर. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल टाइलला सहसा इजा करत नाही, पण सिमेंट मात्र विरघळवते. फरशी चकचकीत होते आणि प्रत्येक धुण्यागणिक सांधा खोल जातो.

पृष्ठभागावर आलेली पांढरी पूड म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार होत. विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यातील लोहामुळे तांबूस डाग पडतात. केवळ डाग असेल आणि सांधा टणक असेल, तर नवी भरणी करण्याचे कारण नाही.

आधी तपासणी

काम सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नखाने किंवा चावीच्या टोकाने सांधा खरवडून पाहावा; भुकटी निघाल्यास तो बदलण्याजोगा झाला आहे. दुसरी, प्रत्येक टाइलवर लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. ‘बद्द’ असा पोकळ आवाज आला, तर टाइल खालच्या थरापासून सुटलेली आहे. अशा टाइलभोवती कितीही चांगले ग्राउट भरले, तरी पावलाच्या दाबाने ते पुन्हा तडकते. तेथे टाइलच काढून बसवावी लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ग्राउट म्हणजे जलरोधन नव्हे. पाणी अडवण्याचे काम टाइलखालच्या जलरोधक थराचे असते. ग्राउट फक्त तेथपर्यंत पोहोचणारे पाणी कमी करते. खालच्या मजल्याच्या छतावर ओल दिसत असेल, तर जाळीचे तोंड बंद करून स्नानगृहात थोडे पाणी २४ तास साठवून ठेवावे. पाण्याची पातळी उतरली किंवा छतावरचा डाग वाढला, तर पाणी जमिनीतून झिरपत आहे. डाग तसाच राहिला, तर नळाच्या वाहिन्या तपासाव्यात. अशा वेळी केवळ सांधे भरून समाधान मानू नये. स्लॅबमध्ये मुरणारे पाणी सळ्यांना गंज आणते. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडते. तो खर्च ग्राउटच्या कितीतरी पट असतो.

माल कोणता घ्यावा

आयएसओ १३००७ या आंतरराष्ट्रीय मानकात ग्राउटचे दोन मुख्य वर्ग आहेत : सिमेंटचे ‘सीजी’ आणि रेझिनचे ‘आरजी’. सिमेंटचे ग्राउट स्वस्त व हाताळण्यास सोपे असते. सुमारे ३ मिलिमीटरपर्यंतच्या सांध्याला वाळूविरहित आणि त्याहून रुंद सांध्याला बारीक वाळू मिसळलेले ग्राउट वापरतात. एपॉक्सी हे दुसऱ्या वर्गातले. ते पाणी जवळजवळ शोषत नाही व डाग धरत नाही. म्हणून न्हाणीघर आणि स्वयंपाकाच्या ओट्यासाठी ते उत्तम. पण ते महाग असते, उष्ण हवेत झपाट्याने घट्ट होते आणि टाइलवर वाळलेला थर सहजी निघत नाही. नवख्याने एका वेळी थोडेच कालवावे.

३०० × ३०० मिलिमीटरची, ८ मिलिमीटर जाडीची टाइल आणि ३ मिलिमीटरचा सांधा असेल, तर पूर्ण खोलीच्या भरणीस १०० चौरस फुटांना साधारण अडीच किलो सिमेंट ग्राउट लागते.

जुना सांधा काढणे

खोलीच्या निदान दोन तृतीयांश भागापर्यंत जुना माल खरवडावा. त्यासाठी ग्राउट काढण्याचे हातातले हत्यार किंवा हॅकसॉचे पाते पुरते. ग्राइंडर वेगवान खरा, पण सराव नसल्यास टाइलच्या कडा उडतात. या धुळीत सिलिका असते व ती फुप्फुसांस घातक आहे. म्हणून सांधा किंचित ओला करून खरवडावा. एन-९५ मास्क व चष्मा वापरावा. नंतर ब्रशने भुकटी काढून सांधे पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत.

नवी भरणी

सिमेंटचे ग्राउट पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच पाणी घेऊन कालवावे. मिश्रण श्रीखंडाइतके घट्ट असावे, ओघळू नये. पाच ते दहा मिनिटे ठेवून पुन्हा ढवळावे. नंतर मात्र पाणी घालू नये. हातात रबरी मोजे असावेत, कारण ओले सिमेंट त्वचा भाजते.

सांधे ओल्या स्पंजने जरा दमट करावेत. पाणी साचू देऊ नये. एपॉक्सीसाठी मात्र ते कोरडेच हवेत. रबरी थापीने मिश्रण सांध्याला तिरके दाबत भरावे आणि थापी उभी धरून जादा माल काढून टाकावा. पंधरा ते तीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने, सांध्याला तिरकेच, हलक्या हाताने पुसावे. पाणी निथळणारा स्पंज रंग धुऊन नेतो. दोन-तीन तासांनी उरलेली पांढुरकी झाक कोरड्या फडक्याने जाते. २४ तास त्यावर चालू नये आणि तीन दिवस पाणी पडू देऊ नये.

भिंत व जमीन जेथे मिळतात तो कोपरा, तसेच कमोड आणि सिंकच्या कडा, येथे ग्राउट भरू नये. तेथे दोन भाग सूक्ष्म प्रमाणात हलत असतात व ताठर माल तडकतो. बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट हाच त्यावरचा योग्य उपाय.

निगा आणि वेळ

सिमेंटचा सांधा पूर्ण सुकल्यावर त्यावर मुरणारे सीलर लावावे. थेंबभर पाणी टाकल्यावर ते शोषले गेले, तर सीलर पुन्हा लावण्याची वेळ झाली असे समजावे. एपॉक्सीला त्याची गरज नसते. रोजच्या सफाईस सौम्य साबण पुरेसा आहे. बुरशीसाठी ब्लीच वापरल्यास ते आम्लयुक्त क्लीनरबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. न्हाणी झाल्यावर पाणी ओढून घेणे व खिडकी उघडी ठेवणे, या दोन सवयींनी सांध्याचे आयुष्य वाढते.

गोव्यात घरदुरुस्तीची आठवण बहुधा चतुर्थी जवळ आली की होते. पण भाद्रपदात टाइलखालची ओल वाळत नाही आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात स्नानगृह तीन दिवस बंद ठेवता येत नाही. घाईत भरलेला सांधा पुढच्या चतुर्थीपर्यंत क्वचितच टिकतो. डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत तेच काम शांतपणे, एका भागात एका वेळी, करता येते. पावसाळ्यापूर्वी सांधे तपासून घेणे हे कौले चाळण्याइतकेच घराच्या निगेचे अंग मानावे.