चिठ्ठी आणि उमेदवारी

सिंधुदुर्गनगरी, म्हणजे ओरोस. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीपूर्वी आरक्षणाची सोडत निघते आणि बहुधा एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठ्या उचलल्या जातात. २०१७ च्या सभागृहात ५० जागा होत्या. निम्म्या महिलांसाठी राखीव. त्या चिठ्ठीवरील ‘महिला’ या शब्दामागे बराच इतिहास आहे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा चाकरमान्यांचा. पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गावी मनीऑर्डर, आणि भाताच्या लावणीपासून म्हाताऱ्यांच्या औषधापाण्यापर्यंत सारा भार बायकांवर. २००१ च्या जनगणनेतही येथे हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या. संख्या होती, कर्तृत्व होते. सत्तेची खुर्ची मात्र नव्हती.

बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये पंचायत समितीवर दोन स्त्रिया स्वीकृत सदस्य म्हणून घ्याव्यात असे सुचविले. निवडून आलेल्या पुरुषांनी स्त्रीला निवडायचे! अशा निवडीत एखाद्या भूमिहीन किंवा दलित घरातील स्त्रीची आठवण कितीजणांना झाली असती?

वेगळी वाट देशावरून आली. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला शेतकरी स्त्रियांचा प्रचंड समुदाय लोटला. जिल्हा परिषदेच्या निवडणुका स्त्रियांनी लढवाव्यात, असा विचार तेथे पुढे आला. पुढे जळगावमधील विटनेर, यवतमाळमधील मेटीखेडा अशा गावांत संपूर्ण महिला पॅनेल निवडून आले. आरक्षण तेव्हा यायचे होते, हे विशेष. ‘बायका उभ्या राहायला तयार नसतात’ या जुन्या सबबीला याहून सरळ उत्तर नव्हते.

१९९० मध्ये महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिची खरी मेख तपशिलात आहे: अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही किमान एक तृतीयांश जागा त्याच समाजांतील स्त्रियांच्या. ही तरतूद नसती तर ‘महिला’ या नावाखाली गावातील वजनदार घरांच्याच सुना सभागृहात गेल्या असत्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले.

तरी अडसर उरलाच. आरक्षण फिरते असते. पाच वर्षांत कारभार शिकलेल्या सदस्येचा मतदारसंघ पुढच्या सोडतीत खुला होतो आणि पक्षाची उमेदवारी हमखास पुरुषाकडे वळते. कायद्याने तिला खुल्या जागेवर उभे राहण्यास मनाई नाही; तिकीट देणाऱ्यांनाच तसे सुचत नाही. जिची शिदोरी केवळ अनुभवाची, मागे घराणे वा पैसा नाही, तिची वाट येथेच खुंटते. त्यात दोन अपत्यांची अट: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले की अपात्रता. घरात मुले किती, हे अनेकदा सासर ठरवते. अपात्र मात्र तीही ठरते.

आणि निवडणूकच झाली नाही तर? मार्च २०२२ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातील रखडलेल्या निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो मे २०२५ मध्ये. तोवर तीन वर्षे ओरोसच्या सभागृहात महिलांच्या त्या पंचवीस खुर्च्यांवर कोणीच बसले नव्हते.