कापूस, समुद्र आणि सुप्याचा बाजार

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजारासाठी जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. थोड्याच दिवसांत हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. बहुतेक ठिकाणी जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे सावकारांकडून हिसकावून घ्यावयाचे आणि त्यांची होळी करावयाची, हाच क्रम सर्वत्र दिसून आला. या दंग्याची कारणे पुष्कळ होती. परंतु त्यांतील एक धागा ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता अशा या कुणब्यांच्या शिवारातून निघून थेट अटलांटिक महासागरापर्यंत पोचतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील लँकेशायर प्रांत हे जगाचे कापडाचे कोठार झाले होते. मात्र तेथे कापसाचे एक बोंडही पिकत नसे. गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून, गुलामांच्या श्रमावर पिकून, जहाजांनी येई. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. समुद्राची एक वाट बंद होताच लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, मजुरांच्या चुली विझल्या, आणि लिव्हरपूलच्या दलालांची दृष्टी मुंबईकडे वळली.

सुवेझचा कालवा त्या वेळी व्हावयाचा होता. मुंबईचा कापूस केप ऑफ गुड होपला वळसा घालून लिव्हरपुलास पोचण्यास महिन्यांमागून महिने लागत. टपाल मात्र आगबोटीने सुवेझपर्यंत आणि पुढे इजिप्तच्या भूमीवरून जाऊन त्याच्या कितीतरी आधी पोची. माल अजून लाटांवर हेलकावे खात असता त्याचा भाव बाजारात ठरून गेलेला असे. माल आणि वार्ता यांच्यामधील या अंतरातच सट्ट्यास वाव मिळाला. जहाज प्रत्यक्ष धक्क्यास लागण्यापूर्वीच त्यातील गठ्ठे या हातातून त्या हातात विकले जात.

कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला आणि मुंबईत सोन्यारूप्याचा पूर लोटला. इतक्या पैशाचे करावयाचे काय, हा प्रश्न नव्या बँकांनी व कंपन्यांनी सोडविला. त्यांतील सर्वांत गाजलेली योजना बॅक बेच्या उपसागरात भर घालून जमीन काढण्याची होती. पाच हजार रुपयांच्या शेअरावर पन्नास हजारांपर्यंत अधिमूल्य मिळू लागले. ज्या समुद्राने पैसा आणला, त्याच समुद्राचा तळ आता शेअरबाजारात विकला जात होता. प्रेमचंद रायचंद यांच्या एका शब्दावर त्या काळी लाखोंचे व्यवहार होत.

१८६५ च्या एप्रिलात दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ही वार्ता येताच मुंबईत भाव कोसळले. १ जुलै हा वायद्यांचा निकाल लावण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणे देण्याची ऐपत फारच थोड्यांना उरली होती. खुद्द बँक ऑफ बॉम्बेही या धक्क्यातून सावरली नाही आणि १८६८ साली तिच्या जागी नवी बँक स्थापावी लागली.

परंतु या तेजीचा खरा हिशेब घाटावर व्हावयाचा होता. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाल्यापासून देशावरचे भाव बंदराच्या भावाशी जखडले गेले होते. धान्य महागले, मजुरी वाढली, आणि सावकार कुणब्यास मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागला. इंदापूर तालुक्यात जमीनमहसुलाची फेरआकारणी याच सुमारास झाली. ती करताना तेजीतले भाव जमेस धरून साऱ्याची रक्कम वाढविण्यात आली. पुढे भाव उतरले. सारा उतरला नाही, कर्ज उतरले नाही, व्याज तर चढतच गेले. सावकाराने हात आखडता घेतला आणि दिवाणी कोर्टांचे हुकूमनामे गावोगाव फिरू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सागरी व्यापारातून भांडवलाने जोखीम वाटून घेण्याची कला हस्तगत केली होती. बुडणाऱ्या जहाजाचा विमा उतरविता येई आणि तोटा अनेक भागीदारांत विभागता येई. मुंबईचे व्यापारी बुडाले, तेव्हा त्यांच्या देण्याघेण्याचा उलगडा व्हावा म्हणून त्याच वर्षी खास कायदा झाला. कुणब्याच्या गळ्यातील फास सैल करणारा, रोख्याच्या मागील खरा व्यवहार तपासण्याची मुभा न्यायाधीशास देणारा, दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा मात्र १८७९ साली, म्हणजे दंग्यानंतर चार वर्षांनी आला.

मध्यंतरी १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि १८७० साली समुद्राच्या तळातून तार मुंबईस येऊन पोचली. महिन्यांचे अंतर आठवड्यांवर आले आणि आठवड्यांची वार्ता तासांवर आली. आजही जगातील मालाच्या व्यापारापैकी, वजनाच्या हिशेबाने, चार पंचमांशांहून अधिक व्यापार समुद्रमार्गेच चालतो. २०२१ च्या मार्चमध्ये एक अवाढव्य जहाज सुवेझच्या कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा सगळ्या खंडांतील बाजारांस त्याचा धक्का बसला. समुद्र देशांना जोडतो हे खरेच. परंतु त्या जोडणीचा नफा कोणाच्या पदरात पडतो आणि तोटा कोणाच्या माथी बसतो, हे लाटा ठरवीत नाहीत. ते कायदे आणि करार ठरवितात. सुप्याच्या बाजारात जे कागद जळले, ते याच जातीचे होते.