चुना आधी, ड्रोन मागून

गावठाणात ड्रोन उडायचा असला की त्याआधी चुन्याच्या गोण्या येऊन पडतात. ग्रामसेवक, कोतवाल आणि आमच्या भूमी अभिलेख खात्याचा माणूस बोळाबोळांतून फिरतात. घरमालकांना बोलावून प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर पांढरी रेघ ओढली जाते. वरून फोटो निघतो तो या रेघेसकट. भूकरमापक म्हणून माझी सगळी नोकरी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत गेली, आणि निवृत्तीच्या तोंडावर हे यंत्र पाहायला मिळालं. लोक आभाळाकडे बघत होते. माझं लक्ष मात्र चुन्याच्या पाटीकडे होतं.

आमच्याकडचा कुठलाही जुना गावनकाशा काढा. शेताशेताची हद्द आहे, सर्व्हे नंबर आहे, नाला आहे, गाडीवाट आहे, आणि मध्ये ‘गावठाण’ लिहिलेला कोरा तुकडा. पाच-पाचशे घरांच्या वस्तीला एवढीच जागा. कारण सरळ आहे: मोजणी झाली ती साऱ्यासाठी, आणि गावठाणातल्या घराला शेतसारा नव्हता. ज्यातून पैसा यायचा नाही ते मोजायला साखळी कोण धरणार?

तसं पाहिलं तर मोठी मोजणी आमच्या भागाजवळून फार आधी गेली. विल्यम लॅम्ब्टनने 1802 मध्ये मद्रासेतून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत 1815 मध्ये बीदरपाशी पोचली होती. पुढे नागपूरच्या वाटेवर असताना 1823 मध्ये हिंगणघाटला तो वारला. पण ती माणसं पृथ्वीचा आकार मोजत होती. कुणाचा बांध कुणी किती कोरला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शेताची मोजणी वेगळ्या वाटेने आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यात जी रीत बसवली ती मुंबई इलाख्यात पसरली, आणि दिवाण सालारजंगाच्या कारभारात, 1870 च्या दशकात, निजामाच्या मराठी मुलखात उतरली.

साखळी तेहतीस फुटांची. तिचे भाग सोळा, आणि एकेक भाग म्हणजे एक आणा. रुपयाचाच हिशेब जमिनीवर अंथरलेला. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सोबत शंकू, म्हणजे काठीवर बसवलेला, काटकोनात चिरा असलेला लाकडी ठोकळा. शेतातून सरळ रेघ धरायची, शंकूच्या चिरेतून बघून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात अंतर घ्यायचं आणि टिपणावर लिहायचं. क्षेत्र निघायचं गुणाकार बुकात, त्रिकोण आणि चौकोन पाडून. हे काम पिकं निघाल्यावर, चैत्र-वैशाखात. उन्हात लोखंड लांबतं, कड्या झिजतात, म्हणून साखळी अधूनमधून ताडून घ्यावी लागे. शिवाय आमची काळी माती: उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगते, आणि हद्दीचा दगड काही वर्षांत कलंडतो. तो दगड मातीने हलवला की शेजाऱ्याने, हे टिपणच सांगणार. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शाईच्या आकड्यांवरून मी हद्दी कायम केल्या आहेत, आणि त्या कारकुनांच्या हाताला माझा आजही नमस्कार आहे.

निजामी दप्तर उर्दूत. सालं फसली आणि लिहिणारा पटवारी. 1948 ला संस्थान भारतात आलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. मधल्या काळात, 1954-55 चं, शेतांच्या नोंदींचं खासरा पत्रक तयार झालं. रुमालात बांधलेली ती पानं 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला पुन्हा सोडली गेली, तेव्हा उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. घरांचं मात्र या कशातच काही नाही. घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. ती कर आकारणीची नोंद. मालकी त्यातून सिद्ध होत नाही, आणि बँक त्यावर कर्ज देताना हात आखडते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच माणसांवर कोसळलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. तिथे आधी आराखडा झाला, मग घरं. मराठवाड्याच्या खेड्यात प्रत्येक घराला नंबर असलेला नकाशा बहुतेकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. त्याची किंमत फार मोठी मोजावी लागली.

ड्रोनला आपल्याकडे वाट मिळायला वेळ लागला. 2014 च्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी वापरावर बंदीच घातली, 1 डिसेंबर 2018 पासून नियमात बसवून परवानगी आली, आणि 2021 मध्ये नकाशे आणि ड्रोन या दोन्हींचे नियम बरेच सैल झाले. टांझानियातल्या झांझिबारने तोवर, 2016 पासून, हलक्या ड्रोननी अख्खी बेटं मोजायला घेतली होती, कारण विमानातून फोटो काढणं त्यांना परवडणारं नव्हतं. आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात आधी प्रयोग झाला. 24 एप्रिल 2020 ला गावठाणातल्या घरांची मालकी नोंदवणारी केंद्राची स्वामित्व योजना आली, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन लातूर-नांदेडच्या गावठाणांवरही फिरू लागले.

उड्डाण थोडक्यात आटोपतं. एकावर एक चढणारे फोटो जोडून नकाशा होतो, पाचशेला एक या प्रमाणात. साखळीने एवढं गावठाण मोजायला आम्हाला आठवडे लागले असते, आणि बोळात साखळी ताणायला जागा तरी कुठे? या यंत्राला मी नावं ठेवणार नाही. पण त्याला वरचं तेवढं दिसतं. पत्र्याची वळचण भिंतीच्या हातभर पुढे आलेली असते. फोटोत घर तिथवर जातं. दारात लिंब असला तर त्याखालची पडवी गायब. म्हणून नकाशा हातात घेऊन पुन्हा गावात यावं लागतं, आणि खरं काम तिथून सुरू होतं: चौकशी. नावं कुणाची लावायची? आजोबांच्या नावावरच्या वाड्यात चार चुलतभाऊ, एक पुण्याला, एक हैदराबादला. बहिणींना तर नोटीस आल्याचंही कुणी कळवत नाही. या कामाला पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो.

जुन्या वाड्यांतली सामाईक भिंत दोन-अडीच फूट रुंद असते. चुना तिच्या कुठल्या अंगाला मारायचा यावरून सख्ख्या शेजाऱ्यांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. मी भिंतीच्या मध्यावर रेघ मारायला लावायचो, दोघांना समोर उभं करून. कुणी हटून बसलाच तर कागदावर ‘भिंत सामाईक’ लिहून दोघांच्या सह्या घ्यायचो आणि पुढच्या दाराशी जायचो.