मृतांचें स्मरण आणि अनंत जीवनाची आशा

ज्युबिली हा शब्द मूळचा हिब्रू लोकांचा. जुन्या करारांतील लेवीय ह्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकून तें वर्ष पवित्र मानावें, विकलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी आणि दास झालेल्या मनुष्यानें आपल्या घरीं परत जावें. म्हणजे ज्युबिली हें मुळांत घरीं परतण्याचें वर्ष होय. अशा प्रसंगीं आपण मागील काळाचा हिशेब मांडतों: चर्चचा पाया कधीं घातला, घंटा कोणीं दिली, शाळा कोणीं काढली. परंतु ज्यांनीं हें सारें केलें, त्यांपैकीं पुष्कळ जण आज चर्चच्या बांकांवर नाहींत. ते दफनभूमींत निजले आहेत. त्यांना ह्या आनंदांत कोणतें स्थान आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर ख्रिस्तसभेच्या इतिहासांत जागोजागीं सांपडतें.

'दफनभूमि' ह्या अर्थाचा जो शब्द पोर्तुगीज लोकांनीं आपल्या देशांत आणला, तो 'सेमितेरियो' होय. त्याचें मूळ ग्रीक भाषेंत असून त्याचा अर्थ 'निजण्याची जागा' असा आहे. आरंभींच्या शतकांतील ख्रिस्ती लोकांनीं हा शब्द जाणूनबुजून पसंत केला. कारण जो निजला तो उठावयाचा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. रोम शहराच्या भोंवतालच्या भुयारी दफनस्थानांत त्यांच्या कबरींवर नांगर, कबूतर अशीं साधीं चिन्हें व शांतीचे शब्द कोरलेले दिसतात. स्मिर्ना येथील बिशप संत पॉलिकार्प ह्यांना दुसऱ्या शतकांत अग्नींत हुतात्मा व्हावें लागलें. तेथील भाविकांनीं इतर मंडळ्यांस पाठविलेल्या पत्रांत लिहिलें कीं, त्यांच्या अस्थि ठेवल्या आहेत तेथें आम्ही दरवर्षीं जमून त्यांच्या हौतात्म्याचा जन्मदिवस साजरा करूं. मरणाच्या दिवसाला जन्मदिवस म्हणण्याची रीति तेव्हांपासूनची आहे. आजही बहुतेक संतांचे सण त्यांच्या मरणदिनास धरूनच येतात.

ह्या श्रद्धेचा सर्वांत हृदयस्पर्शी दाखला संत मोनिकेच्या चरित्रांत मिळतो. ती उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते गांवची. आपल्या पतीच्या शेजारीं आपणांस मूठमाती मिळावी, म्हणून तिनें कबरीची जागा आधींच राखून ठेविली होती. परंतु सन ३८७ मध्यें मायदेशीं परत जात असतां, रोमजवळच्या ओस्तिया बंदरांत ती तापानें आजारी पडली. दुसरा मुलगा, परक्या भूमींत आईला मरण येऊं नये, असें म्हणूं लागला. तेव्हां तिनें दोघां मुलांना सांगितलें कीं, ह्या देहाला कोठेंही पुरा, त्याची काळजी करूं नका. एवढेंच करा कीं, जेथें असाल तेथें प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा. संत ऑगस्टिन ह्यांनीं हा प्रसंग आपल्या 'कबुलीजबाब' ह्या ग्रंथांत लिहून ठेविला आहे. आयुष्यभर जपलेली कबरीची इच्छा तिनें एका क्षणांत सोडली. वेदीची मात्र सोडली नाहीं. १९४५ सालीं ओस्तिया येथें खेळाचा खांब पुरण्यासाठीं खड्डा खणीत असलेल्या मुलांना तिच्या थडग्यावरील शिलालेखाचा तुकडा सांपडला. दगड मातीखालीं गेला होता. परंतु मध्यंतरींच्या साडेपंधराशें वर्षांत वेदीजवळची तिची आठवण कधीं पुरली गेली नाहीं.

ज्यांना आठवणारा कोणी उरला नाहीं, त्यांचें काय? फ्रान्समधील क्लुनी मठाचे मठपति संत ओदिलो ह्यांनीं सन ९९८ च्या सुमारास आपल्या मठांना आज्ञा केली कीं, सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २ नोव्हेंबरला, सर्व मृत विश्वासूंसाठीं प्रार्थना व मिस्सा व्हावी. ही रीति मठांतून पश्चिमेकडील सर्व ख्रिस्तसभेंत पसरली. सन १७४८ मध्यें पोप बेनेडिक्ट चौदावे ह्यांनीं स्पेन व पोर्तुगाल ह्यांच्या राज्यांतील धर्मगुरूंस त्या दिवशीं तीन मिस्सा अर्पण करण्याची सवलत दिली. पुढें पहिल्या महायुद्धांत लक्षावधि तरुण रणांगणावर पडूं लागले, तेव्हां १९१५ सालीं पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांनीं ती सर्व जगांतील धर्मगुरूंस दिली. कित्येक शिपायांना कबर मिळाली नाहीं. वेदी मात्र मिळाली.

आपल्या वसईकडे पाहिलें तरी हाच धडा मिळतो. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनीं ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानमधील नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर प्राण अर्पिला. जन्मभूमींत त्यांची कबर नाहीं. तथापि १८६२ सालीं पोप पायस नववे ह्यांनीं त्यांना संतपद दिल्यापासून जगभर वेदीवरून त्यांचें नांव घेतलें जातें. इकडे वसईच्या किल्ल्यांत फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्यें मोठमोठ्या घराण्यांनीं कोरीव शिळा बसविल्या. १७३९ मध्यें किल्ला मराठ्यांच्या हातीं आला; त्यानंतर कालांतरानें छप्परें गेलीं, आणि आज त्या शिळा उघड्या आकाशाखालीं झिजत आहेत. भोंवतालच्या गांवांतील साध्या शेतकऱ्यांची व कोळ्यांची श्रद्धा मात्र टिकली.

हें सर्व सांगण्याचें कारण असें. मुंबईसारख्या दाट वस्तींत दफनभूमि अपुरी पडते. कांहीं वर्षांनीं जुनी कबर उघडून अस्थि भिंतींतील कोनाड्यांत ठेवाव्या लागतात. आईबापांच्या कबरीवर दुसऱ्याचें नांव पाहून मुलांचें काळीज तुटतें, आणि तें दुःख खोटें नव्हे. ज्या देहानें आपणांस कडेवर घेतलें, त्याच्या मातीवर माया असणें स्वाभाविक आहे. त्या देहाचें पुनरुत्थान होईल, असें आपण विश्वासांगीकारांत दर रविवारीं म्हणतोंच. परंतु अशा वेळीं मोनिकेचें मागणें आठवावें. तिनें जागा मागितली नाहीं, आठवण मागितली. आणि तीहि ख्रिस्ताच्या यज्ञांत.

म्हणून, बंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या मिस्सेस येतांना प्रत्येकानें आपल्या घरांतील मृतांचीं नांवें मनाशीं धरून यावें. ज्यांचें नांव घेणारें घरच उरलें नाहीं, त्यांच्यासाठींही एक प्रार्थना करावी. आपण वर्षें मोजतों. ते मोजणीच्या पलीकडे गेले आहेत. त्यांची ज्युबिली म्हणजे पित्याच्या घरीं परतणें. आपलीही वाट तीच आहे. प्रभु त्यांना चिरशांति देवो, आणि आपणां सर्वांची एक दिवस तेथें भेट घडवो.