बदकं, अजिंठा आणि भीती



गेल्या वीकेंडला लिहायचं राहिलं, कारण मी मानोऱ्याला होतो. मानोरा म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं आमचं मूळ गाव. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कारंजापर्यंत आणि पुढे एसटी. पोचलो तर अंगणात पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यात बदकाची आठ पिल्लं! मोठेबाबांनी (म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने) कुठूनतरी आणलेली, साधारण तीन आठवड्यांची. मशीनमध्ये उबवलेली, त्यामुळे आई कोण हे त्यांना ठाऊकच नाही.

मला वाटलं, पिल्लं आहेत, हातात घेऊ, दोन फोटो काढू. मी वरून हात घातला आणि एकच गोंधळ उडाला. आठही जण कोपऱ्यात धावले, एकमेकांच्या अंगावर चढले. मी अजून पुढे वाकलो. काही मिनिटांनी मोठेबाबांनी ती वेगळी केली, तेव्हा सगळ्यात खालचं पिल्लू गुदमरून मेलेलं होतं.

कोणी काही बोललं नाही. मोठेबाबा इतकंच म्हणाले, "अरे बावा, थे तुले नाही भेत, तुया घाईले भेतात."

सुट्टीचे बाकीचे तीन दिवस मी दोनच गोष्टी केल्या. दिवसा अंगणात बसलो आणि रात्री बदकं माणसाळण्याचा इतिहास वाचत बसलो. (आमच्या धंद्यात प्रॉडक्शनला घोळ घातला की मागची सगळी लॉग्ज वाचायची सवय लागते. तसंच काहीसं.)

तर सुरुवात रोमपासून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. बदकं पाळायची असतील तर काय करावं? तो सांगतो, दलदलीतून रानबदकांची अंडी गोळा करा आणि घरच्या कोंबडीखाली ठेवा. अशी वाढलेली पिल्लं रानटीपणा सोडतात आणि बंदिस्त जागेतही बिनधास्त वीण घालतात. म्हणजे मोठं रानबदक पकडून आणण्यात अर्थ नाही, अंड्यापासूनच सुरुवात करावी लागते. आपल्याकडे आजही बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. अठ्ठावीस दिवसांनी पिल्लं निघतात, पाणी दिसताच आत उड्या घेतात आणि बिचारी कोंबडी काठावर थयथयाट करते.

पण अंड्यापासूनच का, हे कळायला अठराशे वर्षं गेली. डग्लस स्पाल्डिंग हा इंग्लंडमधला हौशी अभ्यासक. पुढे त्याने काही काळ बर्ट्रांड रसेलच्या घरी रसेलच्या थोरल्या भावाची शिकवणीही केली. त्याने कोंबडीच्या पिल्लांना जन्मताच डोळ्यांवर टोपी घातली आणि ती वेगवेगळ्या दिवशी काढली. लवकर काढली तर पिल्लू त्याच्याच मागे धावायचं. पण जवळपास चार दिवसांनी काढली तेव्हा पिल्लं त्याला पाहून जीव खाऊन पळाली. माणूस तोच, पिल्लंही त्याच जातीची, फरक फक्त दिवसांचा. हे त्याने १८७३ साली छापलं, १८७७ मध्ये तो वारला आणि जग त्याला विसरलं. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५४ मध्ये तो लेख पुन्हा छापून आणला. हे तेच हाल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

मधल्या काळात ऑस्ट्रियाच्या कोनराड लॉरेन्झने हाच विषय गाजवला. १९३५ च्या त्याच्या प्रबंधानंतर 'इम्प्रिंटिंग', म्हणजे पहिला ठसा उमटणं, ही कल्पना सगळीकडे पोचली. पुढे पुढे चालणारा दाढीवाला म्हातारा आणि मागे हंसाच्या पिल्लांची रांग, हा फोटो तुम्ही पाहिला असेलच. अमेरिकेत एकहार्ड हेसने रानबदकाच्या पिल्लांवर मोजमाप केलं आणि १९५९ मध्ये मांडलं की हा ठसा सगळ्यात पक्का उमटतो तो जन्मानंतर साधारण १३ ते १६ तासांत. तास! आमची पिल्लं तीन आठवड्यांची. थोडक्यात, आमचं सेशन कधीच टाइमआउट झालं होतं.

लॉरेन्झबद्दल अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर ती रांगेची गोष्ट फारच गोड होते. हा माणूस १९३८ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला. पाळीव प्राण्यांत रानटी पूर्वजांच्या तुलनेत ऱ्हास होतो, असं त्याचं मत होतं. १९४० मध्ये त्याने तोच तर्क माणसांना लावला आणि वंशशुद्धीच्या धोरणाला विज्ञानाचा आधार पुरवला. १९७३ चं नोबेल त्याला कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासोबत विभागून मिळालं. त्यातल्या टिनबर्गनला जर्मनांनी युद्धात सुमारे दोन वर्षं ओलीस ठेवलं होतं. पुढे २०१५ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठाने लॉरेन्झची मानद पदवी काढून घेतली. पिल्लांनी विश्वास ठेवला म्हणून माणूस विश्वासाच्या लायकीचा ठरतोच असं नाही. पिल्लांना ते कळायचा मार्ग नसतो.

असो. आमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते याच दोघांच्या दुसऱ्या एका प्रयोगात. १९३७ मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या पिल्लांवरून पुठ्ठ्याची एक आकृती सरकवली. एका दिशेने नेली की ती आखूड मानेचा ससाणा वाटायची, उलट दिशेने लांब मानेचा हंस. ससाण्याला पिल्लं जास्त घाबरतात, सबब ही भीती उपजत आहे, असा निष्कर्ष निघाला. पण १९६१ मध्ये वोल्फगांग श्लाइटने टर्कीच्या पिल्लांवर हेच करून दाखवलं की खरा मुद्दा आकाराचा नाही, सवयीचा आहे. जी आकृती क्वचित दिसते तिची भीती वाटते. जी रोज दिसते आणि काहीच करत नाही, तिची भीती हळूहळू विरते.

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. ठसा उमटवायची वेळ गेली, पण सवयीची वेळ जात नाही.

मग आम्ही काय केलं? मी आणि माझी आठ वर्षांची पुतणी. रोज ठरल्या वेळी, त्याच पितळी वाटीचा आवाज करत जायचं. उभं राहायचं नाही, जमिनीवर बसायचं, कारण वरून येतं ते घार नाहीतर कावळाच असतं. टक लावून बघायचं नाही. चोच पूर्ण बुडेल इतक्या खोल भांड्यात पाणी आणि शेजारी भिजवलेली तांदळाची कणी. पहिल्या दिवशी वाटी दूर ठेवून आम्ही गप्प. दुसऱ्या दिवशी हातभर जवळ. पकडायचं नाहीच. खुराड्यात न्यायचं तर दोन बाजूंना दोन काठ्या आडव्या धरून सगळ्यांना एकत्र, सावकाश. कळपातून एकटं पडलं की बदक वेडंपिसं होतं.

कळपाचं हे गणित आशियातल्या शेतकऱ्यांनी केव्हाच सोडवलंय. बालीत शेतकरी भाताच्या खाचरात एक काठी रोवतो, तिच्या टोकाला फडकं किंवा पिसं. बदकं दिवसभर त्या काठीच्या आसपास चरतात आणि संध्याकाळी काठी उचलली की मागोमाग घरी येतात. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ मध्ये लोंबोक बेटावर गेला, तेव्हा तिथली पेंग्विनसारखी ताठ चालणारी बदकं बघून त्याला गंमत वाटली होती. याच जातीला पुढे 'इंडियन रनर' नाव पडलं. नावात इंडियन असलं तरी मूळ इंडोनेशियाचं. आपल्याकडच्या बऱ्याच योजनांत वाटली जाणारी खाकी कॅम्पबेल ही याच रनरच्या रक्ताची, इंग्लंडमधल्या अॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेली.

तिसऱ्या दिवशी पुतणीने असा प्रश्न टाकला की माझा घासच अडकला. "काका, यायनं आपल्याले भ्यायचं सोडलं, मंग कोणी वाईट माणूस आला तं?"

याचं उत्तर विज्ञानात नाही. पण आपल्याच भागात त्यावर चित्र काढलेलं आहे. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे हरिषेण राज्य करत होता. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं खोदवलं आणि १७ नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखातही हरिषेणाचं नाव येतं. त्या १७ नंबरमध्ये हंसजातक रंगवलंय. गोष्ट अशी: सोनेरी हंस मिळवण्यासाठी राजा एक सुंदर तळं बांधतो आणि दवंडी पिटतो की इथे सगळ्या पक्ष्यांना अभय आहे. पक्षी येतात, निर्धास्त होतात. मग राजाचाच पारधी फासा लावतो आणि हंसांचा राजा अडकतो. बाकीचा थवा उडून जातो, सेनापती सुमुख मात्र त्याला सोडून जात नाही. ते बघून पारध्याचं मन पालटतं आणि तो फासा सोडतो. हंस मात्र पळत नाहीत. ते स्वतःहून राजापुढे जातात आणि त्याला धर्म सांगतात.

शाळेत ही गोष्ट मैत्रीची म्हणून ऐकली होती. या वेळी मला त्यातली दवंडी दिसली. भीती घालवणं हे तंत्र आहे, ते राजालाही जमतं आणि पारध्यालाही. अभय म्हणजे त्यानंतर पाळायचं वचन. अंगणात वाटी वाजवून आम्हीही दवंडीच पिटत होतो की.

पुतणीला मी एवढंच सांगितलं, "मग आपण लक्ष ठेवायचं." पुरेसं नाही, मला कळतंय.

निघायच्या दिवशी सकाळी एक पिल्लू माझ्या तळहातातली कणी खाऊन गेलं. चोचीचा तो गुदगुल्यांसारखा स्पर्श अजून आठवतो. मोठेबाबांना विचारलं, पुढे काय? म्हणाले, "माद्या अंड्यासाठी ठेवू. एखादा नर राहील. बाकीचे नर इकाच लागतीन." पुतणी तेव्हा वाटी धुवत होती, तिने ऐकलं नाही. तिला कोणी सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही. बहुतेक मलाच सांगावं लागेल. दिवाळीत जाणार आहे.

तूर्तास इतकंच.