पुराणोक्त स्थळनिश्चिती : वेरूळ–खुलताबाद परिसर

धर्मग्रंथांत वर्णिलेली नगरे, पर्वत, तीर्थे व अरण्ये प्रत्यक्ष भूमीवर कोठे होती याचा ग्रंथातील वर्णने, कोरीव लेख, जुनी दप्तरे व स्थानिक परंपरा यांच्या आधारे घेतलेला शोध. हा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या ग्रंथातील झाराहेम्ला आदी प्रदेश काही श्रद्धाळू अभ्यासक मेक्सिको-ग्वाटेमालाकडे, तर काही उत्तरेकडील महासरोवरांच्या आसमंतात दाखवितात. मॉर्मन पंथाच्या मुख्य संस्थेने कोणत्याही एका नकाशावर संमतीची मोहोर उमटविलेली नाही, आणि पंथाबाहेरील पुरातत्त्वज्ञांना त्यांतील एकही मान्य नाही. महाराष्ट्रात या शोधाला सर्वांत भक्कम सामग्री मिळते ती खुलताबाद तालुक्यात. कारण येथे पुराण, ताम्रपट, लोककथा आणि पंथीय स्थळवर्णन ही चारही साधने थोड्याशा टापूत एकत्र आली आहेत.

एलापूर : एलापूर म्हणजे वेरूळ, हीच या टापूतील निःसंशय म्हणता येईल अशी ओळख होय. राष्ट्रकूट दंतिदुर्गाच्या शके ६६३ च्या, वेरूळ येथे मिळालेल्या ताम्रपटात एलापूर येथील गुहेश्वर तीर्थात स्नान करून दिलेल्या दानाचा निर्देश आहे. म्हणजे कैलास लेणे कोरले जाण्यापूर्वीच हे स्थान तीर्थ म्हणून राजमान्य झाले होते. पुढे गुजरात शाखेतील कर्कराज सुवर्णवर्ष याच्या शके ७३४ च्या बडोदे ताम्रपटात, पहिल्या कृष्णराजाने एलापूरच्या डोंगरावर उभविलेल्या देवालयाचे, म्हणजे कैलास लेण्याचे, वर्णन येते. ते पाहून विमानातून जाणारे देवही विस्मित झाले, आणि ज्या शिल्पकाराने ते घडविले त्यालाच हे आपल्या हातून कसे झाले याचा उलगडा होईना, असा त्याचा आशय आहे. ताम्रपटांतील प्रशस्ती बहुधा साचेबंद असते. परंतु आपल्याच कृतीपुढे स्तिमित झालेल्या कारागिराचे हे चित्र त्या साच्याबाहेरचे आहे, आणि ज्याने कैलासाच्या प्रांगणात उभे राहून वर पाहिले आहे त्याला ते अतिशयोक्तीचे वाटत नाही. एलापूर म्हणजे उत्तर कानडा जिल्ह्यातील यल्लापूर, असे मत एके काळी पुढे आले होते. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी ते वेरूळच असल्याचे प्रतिपादन केले, व पुढील बहुतेक संशोधकांनी तोच निर्णय ग्राह्य धरला. यल्लापुरास या वर्णनाशी जुळेल असे देवालय नाही, एवढी एकच गोष्ट त्या मताचा निकाल लावण्यास पुरेशी आहे.

घृष्णेश्वर व देवगिरी : शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत दक्षिण दिशेस देवगिरी नामक पर्वत, त्याच्या निकट राहणारा सुधर्मा ब्राह्मण, त्याच्या सुदेहा व घुश्मा या दोन भार्या, घुश्मेने नित्य १०१ पार्थिव लिंगे पूजून सरोवरात विसर्जित करण्याचे व्रत, सवतीने केलेला तिच्या पुत्राचा वध आणि शिवकृपेने झालेले त्याचे पुनरुज्जीवन ही कथा येते. वेरूळचे देवालय व तेथील शिवालय तीर्थ हेच या कथेचे स्थान, अशी महाराष्ट्राची दृढ श्रद्धा असून मालोजी भोसले व पुढे अहल्याबाई होळकर यांनी केलेले जीर्णोद्धार तिची साक्ष देतात. राजस्थानात सवाई माधोपूर जिल्ह्यातील शिवाड येथील घुश्मेश्वरही हाच मान सांगतो. देवगिरी हे नाव मात्र एकट्याने निर्णायक ठरत नाही. यादव भिल्लमाची राजधानी देवगिरी (हल्लीचे दौलताबाद) वेरूळपासून जवळ आहे हे खरे, पण कालिदासाच्या मेघदूतातील देवगिरी उज्जयिनीच्या पलीकडे, मेघाच्या उत्तरेकडील वाटेवर आहे. पुराणातील ‘दक्षिण’ हा शब्द वेरूळच्या बाजूने जातो, आणि त्याचे वजन नावाच्या साम्याहून अधिक मानले पाहिजे.

एलू राजाची कथा : कृष्ण याज्ञवल्की याच्या कथाकल्पतरूत एलू राजा म्हैसमाळच्या तीर्थात स्नान करून व्याधिमुक्त झाला, राणी माणिकावतीने शिखर पाहिल्यावाचून अन्न न घेण्याचा पण केला, आणि पैठणचा कोकस शिल्पी याने शिखरापासून आरंभ करून देवालय पुरे केले, असे सांगितले आहे. राजाचे नाव इतिहासास ठाऊक नाही. परंतु कैलास वरून खाली कोरला गेला हे स्थापत्याचे सत्य या कथेने शतकानुशतके जपले, आणि अशा कथा टाकाऊ मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावयास हवे.

भद्रावती : खुलताबाद कसब्यातील निद्रिस्त मारुतीच्या संदर्भात भद्रसेन राजाची भद्रावती येथेच होती, असे स्थानिक सांगणे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील भांदकही भद्रावती म्हणविते.

लंका : रामायणातील लंकेचा प्रश्न या टापूबाहेरचा, पण असाच अनिर्णीत आहे; इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी ती अमरकंटकाजवळ मानली, डॉ. ह. धी. सांकळिया यांचाही कल मध्य भारताकडे होता. मतैक्य नाही.

महानुभावांची स्थाने : महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या जागांचे वर्णन करणारी स्थानपोथी ही मराठीतील स्थळनिश्चितीची सर्वांत शिस्तबद्ध कृती होय. लीळाचरित्रात एळापूर म्हणून येणारे वेरूळ या परंपरेत महत्त्वाचे स्थान आहे. देवालयाचे द्वार कोणत्या दिशेस, स्वामी कोठे बसत, कोठे निजत, याची नोंद तीत मोजणीदाराच्या काटेकोरपणाने केलेली आढळते. पुराणातील नाव एका डोंगरावरून दुसऱ्यावर सहज जाऊ शकते. द्वाराची दिशा व जोत्याची जागा अशी हलत नाही. वेरूळच्या लेण्यांचे व गावठाणाचे पुढील सर्वेक्षण स्थानपोथी हाती धरूनच व्हावे, आणि तेथील जुनी जोती बांधकामाखाली जाण्यापूर्वी व्हावे.