ॲनी बेझंटला पाच मतं का द्यायची? (लंडन, नोव्हेंबर १८८८)

ॲनी बेझंट हे नाव ऐकलं की मुंबईकरांना आधी वरळीचा ट्रॅफिक आठवतो. बाकीच्यांना आठवते शाळेच्या पुस्तकातली एक ओळ: होमरूल लीग, १९१६, टिळक आणि बेझंट. टिळकांच्या लीगकडे महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. बेझंटबाईंच्या लीगकडे उरलेला देश, आणि गंमत म्हणजे मुंबई शहरसुद्धा. एका मार्काचा प्रश्न, लिहायचं आणि विसरायचं.

आज आपण त्याच्याही अठ्ठावीस वर्षं मागे जाणार आहोत. बेझंटबाई भारतात आल्या १८९३ साली. त्याच्या पाच वर्षं आधी त्यांनी लंडनमध्ये एक निवडणूक लढवली होती. पार्लमेंटची नाही. बाईला पार्लमेंटच्या निवडणुकीत मतही देता येत नव्हतं, उभं राहणं तर सोडाच. ही निवडणूक होती शाळांच्या बोर्डाची. आणि माझं म्हणणं असं आहे की त्या वेळी आपण पूर्व लंडनमध्ये राहत असतो तर डोळे उघडे ठेवून त्यांनाच मत द्यायला हवं होतं. आजचा भाग त्या मताच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आधी हे बोर्ड काय प्रकरण होतं ते बघू. १८७० साली इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. जिथे चर्चच्या आणि खाजगी शाळा पुरत नाहीत तिथे लोकांनी बोर्ड निवडायचं, बोर्डाने स्थानिक करातून शाळा बांधायच्या आणि चालवायच्या. दर तीन वर्षांनी निवडणूक. स्वतःच्या नावावर कर भरणाऱ्या विधवा आणि अविवाहित बायकांनाही मत. मतदानाची पद्धत तर मला फारच आवडली. टॉवर हॅम्लेट्स या विभागात पाच जागा होत्या, म्हणून प्रत्येक मतदाराला पाच मतं. ती पाच जणांना वाटा, नाहीतर पाचही एकाच उमेदवारावर ओता. लहान गटालाही आपला एक माणूस आत पाठवता यावा म्हणून केलेली ही सोय.

आता टॉवर हॅम्लेट्स म्हणजे कुठला भाग? व्हाइटचॅपल त्यातच येतं. हो, जॅक द रिपरवालं व्हाइटचॅपल. ऑगस्टपासून तिथे बायकांचे खून पडत होते, ९ नोव्हेंबरला आणखी एक झाला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी शाळा बोर्डाचं मतदान होतं. सगळ्या लंडनचं लक्ष त्या गल्ल्यांकडे होतं, पण चर्चा एका खुन्याची. त्याच गल्ल्यांमधली पोरं सकाळी उपाशीपोटी शाळेत जातात, ही काही पहिल्या पानाची बातमी नव्हती.

बेझंटबाईंचं नाव या भागात त्याच उन्हाळ्यात झालं होतं. बो भागात ब्रायंट अँड मे कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना होता. जूनमध्ये त्यांनी आपल्या 'द लिंक' या छोट्या साप्ताहिकात तिथल्या मुलींच्या मजुरीवर लेख लिहिला. आठवड्याला चार ते आठ शिलिंग, त्यातून बारीकसारीक गोष्टींचे दंड कापायचे, आणि फॉस्फरसमुळे काहींच्या जबड्याचं हाड सडायचं. कंपनीने दटावल्यावर जुलैमध्ये सुमारे १४०० मुली-बायका बाहेर पडल्या आणि दोन-तीन आठवड्यांत जिंकल्या. आपल्याकडे हा संप 'बेझंटने घडवला' असं सरसकट लिहितात. ते बरोबर नाही. बाईंच्या डोक्यात बहिष्काराची कल्पना होती. संप मुलींनी स्वतः केला. बेझंटबाईंनी केलं ते असं: त्यांची बाजू छापली, पैसे गोळा केले, युनियन उभी करून दिली. म्हणजे मतं मागायला आल्या तेव्हा या बाई वस्तीला नवीन नव्हत्या.

विरोधकांचे मुद्दे काय होते? पहिला: या बाई इथल्या नाहीतच, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सेंट जॉन्स वूडला राहतात. हे खरं होतं. दुसरा: या नास्तिक आहेत, मुलांच्या शाळेत यांचं काय काम? तिसरा मुद्दा कुजबुजत बोलायचा. १८७७ साली त्यांनी आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी संततिनियमनाची एक पुस्तिका छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता. शिक्षा झाली, नंतर तांत्रिक मुद्द्यावर सुटली. पण पुढच्याच वर्षी कोर्टाने त्यांची मुलगी मेबल काढून घेऊन पाद्री नवऱ्याच्या ताब्यात दिली, कारण अशी आई मुलीला नीट वाढवणार नाही. १८८८ च्या प्रचारातही एका पाद्र्याने त्यांच्या विरोधात पत्रक वाटलं. बाई कोर्टात गेल्या. ज्युरीचं एकमत झालं नाही.

मला यातला एकच मुद्दा विचार करण्यासारखा वाटतो, बाहेरचा उमेदवार हा. बाकी सगळं त्यांच्या नावावर चिखल उडवणं होतं. आणि बाहेरच्या उमेदवाराबद्दल विचारायचा प्रश्न साधा आहे: निवडून आल्यावर नेमकं काय करणार, आणि ते त्या खुर्चीच्या हातात आहे का? बरेच उमेदवार इथेच गळतात. बेझंटबाई गळत नाहीत.

त्यांची पहिली मागणी होती उपाशी मुलांना शाळेत जेवण. केसांत लाल रिबीन बांधून त्या सभा घेत फिरायच्या आणि यापुढे एकही मूल उपाशी नको, असं त्यांच्या जाहीरनाम्यात होतं. ऐकायला ही भावनिक घोषणा वाटते, पण त्यामागची व्यवस्था बघा. त्या काळी शाळेचं सरकारी अनुदान बऱ्याच प्रमाणात तपासनीसाच्या परीक्षेतल्या निकालावर ठरायचं. म्हणजे चक्क केपीआय. काल रात्री जेवलं नाही ते पोर उत्तर देऊ शकलं नाही की शाळेचा पैसा कापला जाणार, मग मास्तर त्या पोरावर आणखी रट्टे ओढणार. इनपुटच रिकामं आणि आउटपुट मोजताय! शिकवायचं काय असतं हे बाईंना माहीत होतं. विज्ञानाच्या परीक्षा देऊन त्यांनी कामगारांचे वर्ग घेतले होते.

दुसरी मागणी फी बंद करण्याची. हा मला सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो. १८८० पासून लहान मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं होतं. नाही पाठवलं तर आईबापांवर खटला. आणि शाळेत पाठवलं तर दर आठवड्याला प्रत्येक मुलामागे काही पेन्स फी. हिशेब करू. समजा घरात एकटी कमावती बाई, मजुरी पाच शिलिंग, मुलं तीन, फी दोन पेन्स. सहा पेन्स गेले, म्हणजे अर्धा शिलिंग. कमाईचा दहावा हिस्सा अशा गोष्टीसाठी, जी न केल्यास गुन्हा. कायद्यानं भाग पाडायचं आणि वर पैसेही मागायचे.

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. बोर्ड शाळा बांधत होतं, पुस्तकं-वह्या छापून घेत होतं. म्हणजे ते लंडनमधलं मोठं गिऱ्हाईक होतं. ज्या कंत्राटदाराकडून माल घ्यायचा तो मजुरांना रीतसर मजुरी देतो का, हे बोर्डाने बघावं, अशी त्यांची भूमिका. म्हणजे बापाची मजुरी कापून बांधलेल्या शाळेत त्याच्याच मुलाला शिकवायचं नाही.

निकाल लागला. बेझंटबाई १५ हजारांहून जास्त मतं घेऊन टॉवर हॅम्लेट्समध्ये पहिल्या आल्या. (पाच-पाच मतांची पद्धत लक्षात ठेवा, हा माणसांचा आकडा नाही.) त्यानंतर त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा: दहा वर्षांपूर्वी माझं मूल माझ्याकडून हिरावलं गेलं, आज लंडनच्या साडेसात लाखांहून जास्त मुलांची काळजी काही अंशी माझ्या हातात आली आहे.

मग काय झालं? १८८९ च्या सुरुवातीलाच बोर्डाने रास्त मजुरीचा ठराव केला. हॅकनीतून निवडून आलेले स्ट्युअर्ट हेडलम हे समाजवादी पाद्री या कामात त्यांच्याबरोबर होते, म्हणजे सगळे पाद्री विरोधात नव्हते. फीविरुद्ध बोर्डात आवाज उठला आणि १८९१ च्या कायद्याने प्राथमिक शाळा जवळपास सगळीकडे मोफत झाल्या. त्याचं श्रेय एकट्या बाईंना देणं चूक आहे, दबाव अनेक बाजूंनी होता. जेवणाचं मात्र जमलं नाही. १८८९ च्या पाहणीत दिसलं की बोर्डाच्या शाळांमधली सुमारे ४४ हजार मुलं, आठातलं एक, कायम अर्धपोटी असतात. तरी करातून जेवण द्यायची कायद्यात सोय नव्हती, म्हणून देणग्यांवर चालणारी एक संस्था काढून काम भागवलं गेलं.

या १८७० च्या कायद्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा इंग्लंडच्या १८७० आणि १८७६ च्या कायद्यांचा आधार घेतला होता. महिना दहा रुपयांपर्यंत कमाई असलेल्या घराला फी नको, अशी तरतूदही त्यात होती. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. नंतर आपल्या नगरपालिकांची शिक्षण मंडळं आली, पण त्यांचे सदस्य नगरसेवक निवडायचे, आपण नाही. आज थेट आपल्या हातात उरते ती शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अनुदानित आणि सरकारी शाळांच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या बायकांच्या. तुमच्या घरातल्या कुणाचं मूल झेडपीच्या किंवा पालिकेच्या शाळेत असेल तर त्या निवडीच्या सभेला कोण गेलं होतं, एकदा विचारून बघा. खिचडी शिजते ती जागा, तांदूळ, संडासाचं पाणी, हे सगळं तिथे बोलता येतं.

बेझंटबाईंबद्दल एक तक्रार मात्र राहते. १८८९ मध्येच त्या थिऑसॉफीकडे वळल्या आणि १८९१ ला पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत. तीन वर्षं, बस. मतदाराला राग यायला हरकत नाही. शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना १९०६ च्या कायद्याने मिळाली, दुसऱ्या वर्षी शाळेतली वैद्यकीय तपासणी आली. तोवर बाईंनी काशीत काढलेलं कॉलेज सुरू होऊन आठ वर्षं झाली होती.

पुढच्या भागात ब्रायंट अँड मेच्या त्या १४०० जणींची गोष्ट, बेझंटबाईंना बाजूला ठेवून. भेटू.